दुरुस्तीचा इतिहास : घरगुती संगणक आणि यंत्रमागनगरी भिवंडी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी मांडला गेला आहे. पहिले अंग शासकीय धोरणांचे असून दुसरे पुणे-मुंबई परिसरातील सॉफ्टवेअर उद्योगाच्या उदयाचे आहे. या दोन्ही मांडणींत संगणक नेहमी चालू स्थितीत असतो. तो बंद पडतो, त्याची पेटी उघडली जाते, एखादा सुटा भाग बदलला जातो आणि तो पुन्हा काही वर्षे कामास लागतो, ही बाब मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहते. मध्यमवर्गीय आणि श्रमिक कुटुंबांचा संगणकाशी आलेला खरा संबंध बहुतांशी याच बाबीतून घडलेला आहे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसावा, तो वापराचा आणि देखभालीचाही असावा. हा दृष्टिकोन ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या शहरास लावून पाहणे उद्बोधक ठरते. भिवंडीची ओळख संगणकाचे शहर अशी नाही. ती यंत्रमागांची आणि अलीकडे गोदामांची नगरी म्हणून आहे. तथापि जुने यंत्र चालते ठेवणे हाच ज्या शहराच्या अर्थव्यवस्थेचा पाया आहे, तेथे घरगुती संगणकाच्या दुरुस्तीचा प्रश्न अधिक स्पष्टपणे दिसतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भारतातील संगणक-देखभालीच्या इतिहासातील प्रमुख टप्पे नोंदविणे, (२) भिवंडीतील यंत्रमाग-दुरुस्तीची परंपरा आणि घरगुती संगणकाची दुरुस्ती यांतील साम्य व भेद तपासणे, (३) दुरुस्तीयोग्य संगणकाकडून बंदिस्त संगणकाकडे झालेल्या स्थित्यंतराचे सामाजिक परिणाम स्पष्ट करणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, कायदे, नियम आणि शासकीय आदेश यांचा आधार घेतला आहे. कालखंड १९७० च्या दशकापासून २०२५ पर्यंतचा आहे.

१. यंत्रमागाचा वारसा

भिवंडीत हातमागाचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात रुजला. उत्तर भारतातून स्थलांतरित झालेल्या मोमीन विणकरांचा त्यात मोठा वाटा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेची उपलब्धता वाढली आणि हातमागाची जागा हळूहळू यंत्रमागाने घेतली. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजातील विणकरांनीही येथे वस्ती केली. पश्चिम भारतातील लहान शहरांच्या या औद्योगिक प्रवासाची सविस्तर मांडणी डग्लस हेन्स यांच्या ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ (२०१२) या ग्रंथात आढळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापड-उत्पादनाचा आणखी मोठा भाग भिवंडीसारख्या केंद्रांकडे वळला. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ७,०९,६६५ होती.

या उद्योगाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भिवंडीतील अनेक माग नवे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग येथील लहान कारखानदारांनी विकत घेतले आणि ते दशकानुदशके चालविले. हे शक्य झाले ते जॉबर, फिटर, लोहार आणि सुटे भाग घडविणारे कारागीर यांच्यामुळे. धोटा, फणी, दातेरी चाके, दांडे यांपैकी काहीही तुटले तरी ते स्थानिक पातळीवर मिळे किंवा घडविता येई. मागाच्या मूळ उत्पादकाशी संपर्क साधण्याची गरजच नव्हती. यंत्र उघडे होते. दोष डोळ्यांना दिसत असे, कानांना ऐकू येत असे आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकणारा पोरगा काही वर्षांत स्वतः फिटर होत असे.

माग आणि संगणक यांचे नाते सांगताना जॅकार्डच्या मागाचा उल्लेख नेहमी केला जातो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये विकसित झालेल्या या मागात छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने नक्षी विणली जाई. हीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात आणि हर्मन होलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेत वापरली. भिवंडीतील बहुसंख्य माग मात्र साधे असून त्यांवर मुख्यतः साधे ग्रे कापड निघते. त्यामुळे या शहराच्या संदर्भात माग आणि संगणक यांना जोडणारा दुवा छिद्रांकित पत्त्यांचा नाही, तर दुरुस्तीचा आहे.

२. देखभाल : राष्ट्रीय धोरणाचा एक विसरलेला अध्याय

भारतात संगणकाच्या देखभालीचा प्रश्न घरापर्यंत येण्यापूर्वी तो राष्ट्रीय पातळीवर उपस्थित झाला होता. परकीय चलन नियमन कायदा १९७३ अन्वये परदेशी कंपन्यांना आपला भागभांडवलाचा हिस्सा कमी करणे आवश्यक झाले. ही अट मान्य नसल्याने आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आटोपता घेतला. या कंपनीने भारतात आणलेली अनेक यंत्रे परदेशात वापरून झालेली व नूतनीकरण केलेली होती आणि ती भाडेतत्त्वावर दिली जात. कंपनी निघून गेल्यावर देशातील शेकडो संस्थांतील ही यंत्रे कोण चालती ठेवणार, असा प्रश्न निर्माण झाला.

या प्रश्नाचे उत्तर केंद्र शासनाने आधीच तयार ठेवले होते. डिसेंबर १९७५ मध्ये ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली होती. पुढे सीएमसी या नावाने ती ओळखली गेली. स्वतंत्र भारतात संगणकासाठी निर्माण झालेल्या आरंभीच्या सार्वजनिक संस्थांपैकी एकीच्या नावातच ‘देखभाल’ हा शब्द होता, ही बाब लक्षणीय आहे. मूळ उत्पादकाच्या अनुपस्थितीत भारतीय अभियंत्यांनी ही यंत्रे चालविली. परकीय उत्पादकावर अवलंबून न राहता यंत्र चालते ठेवणे हा त्या काळी स्वावलंबनाचा निकष मानला गेला. सीएमसीची ओळख कालांतराने सॉफ्टवेअर व प्रणाली-प्रकल्पांशी जोडली गेली. २००१ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. देखभाल हे राष्ट्रीय उद्दिष्ट असू शकते, हा विचारही तिच्याबरोबर सार्वजनिक चर्चेतून लोप पावला.

३. खुली रचना आणि ‘असेंबल्ड’ संगणक

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना खुली होती. त्याचे भाग वेगवेगळ्या उत्पादकांकडून घेतलेले होते आणि कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पुस्तिकेत विद्युत मंडलांच्या आकृत्याही दिलेल्या होत्या. यामुळे इतर उत्पादकांना त्याच्याशी सुसंगत यंत्रे तयार करणे शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. त्यानंतर पेटी, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा संच यांची मापे व जोडण्या बऱ्याच अंशी प्रमाणित झाल्या. एका कंपनीचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसू लागला.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणाने सुट्या भागांच्या आयातीचा मार्ग मोकळा केला. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभाग घेतला आणि २००५ पर्यंत करारातील वस्तूंवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले. या पार्श्वभूमीवर ‘असेंबल्ड’ संगणक ही वस्तू जन्मास आली. हा शब्द मराठी घरांत इतका रूढ झाला की ‘ब्रँडेड घ्यावा की असेंबल्ड?’ हा प्रश्न दहावी-बारावीच्या निकालानंतर घरोघरी चर्चिला जाई. असेंबल्ड संगणक स्वस्त असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो जोडणारा माणूस माहीत असे. जोडणारा आणि दुरुस्त करणारा बहुधा एकच असे. यंत्र, विक्रेता आणि दुरुस्तीकार यांची अशी एकरूपता यंत्रमागाच्या व्यवहाराशी जुळणारी होती.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्यभर पोहोचला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने संगणक शिकणे ही गरज बनली. परंतु या अभ्यासक्रमाचा भर संगणकाच्या वापरावर होता. यंत्राची पेटी उघडणे त्यात अभिप्रेत नव्हते. परिणामी संगणक-साक्षरतेची व्याख्या वापरापुरती सीमित झाली. वापरणारा साक्षर ठरला, त्याच्याकडे प्रमाणपत्र आले. दुरुस्त करणारा मात्र बहुधा प्रमाणपत्राविनाच राहिला.

४. अंतर, वीज आणि तंतू : भिवंडीची विशिष्ट परिस्थिती

घरगुती संगणकाची दुरुस्ती सर्वत्र सारखी नसते. भिवंडीच्या संदर्भात तीन घटकांचा विचार आवश्यक ठरतो.

पहिला घटक अंतराचा. संगणकाच्या सुट्या भागांची मुंबईतील मुख्य बाजारपेठ म्हणजे ग्रँट रोडनजीकचा लॅमिंग्टन रोड, अर्थात डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी हा परिसर संगणकाच्या आधीपासूनच प्रसिद्ध होता. भिवंडी शहर उपनगरी रेल्वेच्या मुख्य मार्गावर नाही. भिवंडी रोड हे स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे. त्यामुळे एखादी रॅम किंवा एसएमपीएस आणावयाचा झाल्यास एसटीने अथवा रिक्षाने ठाणे वा कल्याण गाठणे, तेथून लोकलने दादर, दादरला पश्चिम रेल्वे आणि मग ग्रँट रोड असा प्रवास करावा लागे. त्यात जवळजवळ पूर्ण दिवस जाई. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने सुट्या भागाच्या किमतीत त्या दिवसाची मजुरीही मिळवावी लागे. अशा परिस्थितीत स्थानिक दुरुस्तीकाराकडे असलेला जुन्या भागांचा साठा, म्हणजे इतरांच्या दृष्टीने भंगार, हेच त्याचे खरे भांडवल ठरते.

दुसरा घटक विजेचा. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात भिवंडीतील वीजवितरणाची स्थिती बिकट होती. वितरणातील एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी निम्म्याहून अधिक होती. रोहित्रे वारंवार जळत आणि त्या काळात राज्यभर भारनियमनही चालू होते. वीज कायदा २००३ मधील तरतुदींचा आधार घेऊन महावितरणने शहराचे वितरण फ्रँचायझी तत्त्वावर टोरेंट पॉवर कंपनीकडे सोपविले. २६ जानेवारी २००७ पासून ही व्यवस्था अमलात आली. देशातील अशा प्रकारचा हा पहिला प्रयोग मानला जातो. पुढील काळात हानीचे प्रमाण लक्षणीय घटले, तथापि देयके व मीटर यांवरून नागरिकांच्या तक्रारीही होत राहिल्या.

घरगुती संगणकाच्या दृष्टीने याचा अर्थ पाहावा. संगणकातील एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. दाब अचानक वाढला तर सर्वप्रथम त्यातील फ्यूज व कपॅसिटर बळी पडतात. वीज अचानक गेली तर हार्ड डिस्कवरील लेखन अर्धवट राहून फाइल्स खराब होतात. म्हणून यूपीएस ही भिवंडीसारख्या शहरात चैनीची वस्तू न राहता संगणकाच्या खरेदीतील एक अपरिहार्य खर्च बनली. त्यातच १९९९ ते २००७ या काळात जगभरातील अनेक मदरबोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बसविले गेले होते. ते अकाली फुगत व गळत. अशा मदरबोर्डवरील फुगलेला कपॅसिटर ओळखणे आणि सोल्डरिंगच्या साहाय्याने तो बदलणे हे कौशल्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे आधीच होते. संगणकाचा दुरुस्तीकार हा अनेकदा याच जुन्या परंपरेचा वारस ठरतो.

तिसरा घटक हवेचा. मागांचे कारखाने आणि वस्ती एकमेकांना लागून असल्याने कापसाचे बारीक तंतू हवेत मिसळतात. धुळीबरोबर हे तंतू संगणकाच्या पंख्यावर व प्रोसेसरवरील उष्णताशोषकावर साचले की उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो, तापमान वाढते आणि स्वसंरक्षणार्थ यंत्र आपोआप बंद पडते. या दोषावर उपाय म्हणजे एक रंगाचा ब्रश आणि अर्ध्या तासाची सफाई. मात्र त्यासाठी पेटी उघडता आली पाहिजे आणि ती उघडण्याचे धैर्य व मुभा वापरणाऱ्यास असली पाहिजे.

५. घरच्या घरी दुरुस्ती आणि तिचे ज्ञान

या काळातील घरगुती दुरुस्तीचे एक अनौपचारिक ज्ञानशास्त्र होते. संगणक चालू होताना येणारे ‘बीप’ मोजणे हा त्याचा प्राथमिक पाठ. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड ध्वनी चित्रदर्शक कार्डातील दोष सूचित करीत. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासणे व ती पुन्हा बसविणे हा दुसरा पाठ. पट्ट्यांवर चढलेला थर निघून जोडणी पूर्ववत होत असल्याने या उपायास शास्त्रीय आधारही होता. संगणकाचे घड्याळ रोज मागे पडू लागले तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी बदलावयाची, हा तिसरा पाठ.

या ज्ञानाची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या या शहरात ‘रॅम उडाली’, ‘बोर्ड गेला’, ‘विंडोज मारायला लागेल’ असे शब्दप्रयोग सर्वांना समजतात. पाठ्यपुस्तकांतील ‘यंत्रांश’ व ‘आज्ञावली’ हे शब्द दुरुस्तीच्या टेबलापर्यंत पोहोचले नाहीत. ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेले, पुस्तकातून गेले नाही. त्यामुळे ते वेगाने पसरले. पण त्याची नोंद राहिली नाही.

या दुरुस्तीमुळे संगणकाचे आयुष्य वाढले आणि एकच यंत्र अनेक हातांतून फिरले. मोठ्या मुलासाठी घेतलेला संगणक त्याच्या धाकट्या बहिणीकडे, तेथून शेजारी वा नातेवाइकांकडे जाणे हे दुरुस्तीशिवाय अशक्य होते. ज्या मुलींना संध्याकाळी बाहेरच्या संगणक-वर्गास पाठविले जात नसे, त्यांच्या दृष्टीने घरातील जुना परंतु चालू संगणक हीच संगणक-शिक्षणाची संधी होती. दुरुस्तीच्या सामाजिक मूल्याचा विचार करताना हा मुद्दा वगळता येणार नाही.

६. विश्वासाचा प्रश्न

दुरुस्तीच्या या परंपरेचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासास धरून होणार नाही. तिच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. संगणक ‘फॉरमॅट’ करून त्यावर विनापरवाना प्रणाली व सॉफ्टवेअर टाकून देणे हा अनेक ठिकाणी दुरुस्तीचाच भाग मानला गेला. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील सॉफ्टवेअरविषयक तरतुदी कडक झाल्या. तरी घरगुती बाजारात त्यांची अंमलबजावणी क्षीण राहिली. चांगला भाग काढून जुना बसविला जाण्याची भीती ग्राहकास सतत असे. माग आणि संगणक यांतील एक मूलभूत भेद येथे स्पष्ट होतो. माग फिटरच्या हाती दिला तर त्याच्या हाती केवळ लोखंड जाते. संगणक दिला तर कुटुंबाची छायाचित्रे, पत्रे, हिशेब आणि पासवर्डही जातात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ यांनी माहितीच्या संरक्षणास कायदेशीर चौकट दिली, परंतु दुरुस्तीच्या टेबलावर आजही मुख्य आधार परस्परविश्वासाचाच आहे.

विषाणूंनी हा प्रश्न अधिक तीव्र केला. २६ एप्रिल १९९९ रोजी सक्रिय झालेल्या सीआयएच या विषाणूने आशियातील अनेक देशांत संगणकांच्या हार्ड डिस्कवरील माहिती नष्ट केली आणि काही मदरबोर्डांवरील बायोसही पुसून टाकला. सॉफ्टवेअरमुळे हार्डवेअर निकामी होऊ शकते, याचा अनुभव सामान्य वापरकर्त्यास त्या दिवशी आला. दुरुस्तीकारास आता पेचकसाबरोबर विषाणूरोधकही बाळगणे भाग पडले.

या संदर्भात पुण्यातील क्विक हील कंपनीचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथून आलेल्या कैलाश काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली व पुढे ते संगणक-देखभालीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचे प्रमाण मोठे असल्याचे लक्षात आल्यावर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास विषाणूरोधक प्रणाली विकसित केली. २००७ मध्ये कंपनीने ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव धारण केले व २०१६ मध्ये ती भांडवली बाजारात नोंदली गेली. ही कथा सामान्यतः उद्योजकतेची कथा म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने ती दुरुस्तीतून नवनिर्मिती झाल्याची कथा आहे. बिघाड सातत्याने हाताळल्यामुळेच मूळ प्रश्न ध्यानात आला.

७. बंद पेटीकडे

२०१० नंतर घरगुती संगणकाचे स्वरूप बदलले. टेबलावरील संगणकाची जागा लॅपटॉपने व मोबाइलने घेतली. २०१२ च्या सुमारापासून काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली येऊ लागली. पुढे अनेक पातळ लॅपटॉपमध्ये हीच पद्धत रूढ झाली. बॅटरी आत बंदिस्त झाली, काही ठिकाणी ती डिंकाने चिकटविली जाऊ लागली. या बदलामुळे यंत्र हलके झाले, विजेचा वापर घटला व भारनियमनाचा त्रासही कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. मात्र पूर्वी काही शे रुपयांत निभावणारा दोष आता संपूर्ण मदरबोर्ड बदलण्यापर्यंत पोहोचतो.

बंदिस्तपणा केवळ यंत्रात आला नाही, तो सॉफ्टवेअरमध्येही आला. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था अनिवार्य ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. परिणामी ज्यांच्यात कोणताही यांत्रिक दोष नाही असे असंख्य संगणक, मर्यादित मुदतवाढ वगळता, सुरक्षा-सुधारणांपासून वंचित झाले. लिनक्ससारखा पर्याय उपलब्ध असला तरी त्यासाठी पुन्हा जाणकार माणूस लागतो. बिघाड नसताना यंत्र निकामी ठरणे ही घटना यंत्रमागाच्या इतिहासात आढळत नाही. माग जुना झाला तरी बाहेरून कोणी त्याची मुदत संपवीत नसे.

येथे शासनाच्या धोरणातील एक विसंगती नजरेस येते. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथेच केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ या योजनेचा प्रारंभ झाला. साध्या यंत्रमागांचे जागच्या जागी उन्नयन हा तिचा एक प्रमुख घटक होता. जुना माग फेकून न देता त्यास ताणा वा बाणा तुटताच माग थांबविणारी उपकरणे व अन्य जोडण्या बसवाव्यात आणि त्यासाठी अनुदान द्यावे, असे हे धोरण होते. म्हणजे यंत्र जुने असले तरी त्यात भर घालून ते उपयुक्त ठेवता येते, हे तत्त्व शासनाने मागाच्या बाबतीत मान्य केले. त्याच शहरातील विद्यार्थ्याच्या संगणकाबाबत असे कोणतेही धोरण अस्तित्वात आले नाही.

८. कायदा आणि दुरुस्तीचा अधिकार

गेल्या काही वर्षांत कायद्याच्या क्षेत्रात दुरुस्तीची दखल घेतली जाऊ लागली आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या बाजारातील निर्बंधांबद्दल १४ मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग व तांत्रिक माहिती नाकारणे हा स्पर्धेचा भंग ठरू शकतो, हा विचार त्यातून पुढे आला. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती स्थापन झाली. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीस प्रोत्साहन देणारा निर्देश संमत केला.

दुसऱ्या बाजूने ई-कचऱ्याविषयीचे नियम विकसित झाले. १ मे २०१२, १ ऑक्टोबर २०१६ व १ एप्रिल २०२३ या दिनांकांपासून अनुक्रमे तीन नियमावल्या लागू झाल्या. २०२२ च्या नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांची नोंदणी व प्रमाणपत्रे यांची तरतूद आहे. मात्र गल्लीतील दुरुस्तीकार या चौकटीच्या बाहेरच राहतो. तो एकाच वेळी ई-कचरा टाळतो आणि न दुरुस्त होणाऱ्या भागांच्या रूपाने तो निर्माणही करतो. या दुहेरी भूमिकेची कायद्यात स्वतंत्र ओळख नाही.

त्याची अधिकृत दखल घेतली गेल्याचे एक उदाहरण आपत्तीच्या काळातील आहे. कोविड टाळेबंदीत केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिबंधित क्षेत्रांबाहेर २० एप्रिलपासून ज्या स्वयंरोजगारितांना काम करण्याची मुभा दिली, त्यांत वीजतंत्री, नळकारागीर, मोटार मेकॅनिक व सुतार यांच्या जोडीने संगणक-दुरुस्ती करणाऱ्यांचा उल्लेख होता. शाळा-महाविद्यालये घरातील पडद्यावर आली, तेव्हा त्या पडद्याची दुरुस्ती ही गरजेची सेवा ठरली. संकट ओसरले आणि ही मान्यताही ओसरली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) संगणकाची देखभाल हा भारतात सुरुवातीस स्वावलंबनाचा प्रश्न होता. उदारीकरणानंतर तो खाजगी ग्राहकाचा प्रश्न बनला आणि सार्वजनिक धोरणातून जवळजवळ नाहीसा झाला.

(२) भिवंडीसारख्या शहरात घरगुती संगणकाची दुरुस्ती शक्य झाली ती यंत्राची खुली रचना, सुट्या भागांचा बाजार आणि शिकाऊ पद्धतीने हस्तांतरित होणारे कौशल्य यांच्या संयोगाने. यांपैकी पहिला घटक आता वेगाने क्षीण होत आहे. अन्य दोन त्याच्याविना टिकणे कठीण आहे.

(३) संगणक-साक्षरतेची व्याख्या केवळ वापरापुरती केल्याने दुरुस्तीचे ज्ञान शिक्षणव्यवस्थेबाहेर राहिले. ज्यांच्याकडे ते होते त्यांना प्रतिष्ठा मिळाली नाही आणि ज्यांना ते हवे होते त्यांना ते शिकविले गेले नाही.

(४) भिवंडीच्या वेशीवरील काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे या गावांतील गोदामांतून नवीन वस्तूंचा अखंड ओघ मुंबई महानगराकडे जातो. याच शहरात जुने माग दुरुस्त करून चालविण्याची परंपरा आहे. नवे खरेदी करण्याची अर्थव्यवस्था आणि जुने चालते ठेवण्याची अर्थव्यवस्था यांतील हा संघर्ष केवळ तंत्रज्ञानाचा नाही. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याच्या हाती यंत्र किती वर्षे राहील, हे त्यावर ठरते.

या इतिहासाच्या साधनांबाबतही एक सूचना करणे उचित होईल. दुरुस्तीच्या दुकानांत दफ्तर राहत नाही, पावत्याही बहुधा कच्च्या असतात. परंतु प्रत्येक महाविद्यालयात जडवस्तू-संग्रह नोंदवही, वार्षिक देखभाल कराराची देयके आणि निर्लेखनाचे प्रस्ताव असतात. कोणता संगणक केव्हा घेतला, त्यात काय बिघडले, कोणी व किती रुपयांत दुरुस्त केले आणि अखेर तो कोणत्या कारणाने बाद ठरला, हे सर्व त्यांत नोंदलेले असते. ही कागदपत्रे मूल्यांकन समितीस दाखविण्यापुरतीच उपयोगी मानली जातात आणि मुदत संपताच रद्दीत जातात. महाराष्ट्रातील संगणकाचा सामाजिक इतिहास लिहावयाचा असेल तर ती रद्दीत जाण्यापूर्वी जतन करणे आणि शहरातील जुन्या दुरुस्तीकारांच्या मौखिक कथनांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. इतिहास व संगणकशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करावे असे हे काम असून ते लवकर हाती घेतले पाहिजे. कारण पेटी उघडता येणाऱ्या संगणकांची आणि ती उघडणाऱ्या माणसांची पिढी आता उतरणीस लागली आहे.